थाळी, वारा आणि चाळीस पानी वही: डिस्क गोल्फ स्पर्धेआधीच्या सरावफेऱ्या

स्पर्धेची तारीख कळली की आमच्यातले निम्मे जण एकच उद्योग सुरू करतात. रोज सकाळी अख्खी फेरी खेळायची, स्कोअर लिहायचा, कालच्यापेक्षा एक-दोनाने कमी आला की खूश होऊन घरी जायचं. मीही तेच करायचो. पहिल्या स्पर्धेला बाहेरगावी तीन दिवस आधी पोचलो, तिन्ही दिवस सकाळी सातला फेरी खेळलो, तिसरी तर पारच्या (कोर्सला धरलेल्या ठरावीक थ्रोंच्या) दोन खाली गेली. स्पर्धेत माझी दुसरी फेरी लागली दुपारी एकला. वारा सुटलेला, ऊन डोक्यावर, डिस्क हातात मऊ लागतेय. पहिल्या चार होलमध्ये दोनदा ओबी, म्हणजे डिस्क हद्दीबाहेर. तीन दिवसांत मी जो कोर्स पाठ केला होता तो सकाळी सातचा होता. दुपारी एकचा कोर्स मी पाहिलाच नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी टीवर (पहिला थ्रो फेकायच्या जागेवर) उभं राहून विचार करावा लागू नये, एवढ्यासाठीच सरावफेरी असते असं मी आता धरून चालतो. कुठली डिस्क, कुठे उतरवायची, चुकली तर कुठून सावरायचं, हे आधी ठरलेलं असलं की त्या दिवशी फक्त फेकायचं उरतं. खालची पद्धत त्या हिशेबाने आहे.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: टीवरून डिस्क फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये ती पडेपर्यंत किती थ्रो लागले ते मोजायचे. टी ते बास्केट म्हणजे एक होल. सुरुवातीला लोक झाडं आणि खांब हेच लक्ष्य धरून खेळायचे. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी साखळ्यांची बास्केट आणली, १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला पहिला कायमचा कोर्स झाला, आणि १९७६ साली त्यांनीच पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना काढली. नियम आजही तिचेच चालतात.

घरचा कोर्स: चार आठवडे आधी

आमचा कोर्स म्हणजे पारोळ्याजवळचं मामांचं शेत. फरदडीचा कापूस निघाला, पऱ्हाटी उपटून बांधाला लागली की फेब्रुवारीपासून ते रान आमचं. विकतची बास्केट एकच. बाकीच्या तीन एका वेल्डरकडून करून घेतल्या: सायकलची रिम, पाइप, आणि हार्डवेअरच्या दुकानातली साखळी. टोपलीची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटीमीटरवर घ्या, नाहीतर नजरेला चुकीच्या उंचीची सवय लागते आणि स्पर्धेत सगळे पुट (बास्केटजवळचे शेवटचे थ्रो) वर किंवा खाली जातात. पहिल्या दिवशी मामा बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "भाचा, हाई थाळी कथा चालनी रे?" (ही थाळी कुठे चालली रे?) तेव्हापासून आमच्यात डिस्कला थाळीच म्हणतात.

अंतर मोजायला टेप लागत नाही. ठिबकची जुनी नळी दहा मीटर कापून घ्या. बास्केटच्या बुंध्याला एक टोक धरून गोल फिरलात की पुटचं वर्तुळ आखलं जातं. हे दहा मीटर महत्त्वाचे आहेत. त्यांच्या आत डिस्क सोडल्यावर तोल सांभाळून उभं राहावं लागतं, फेकण्याच्या झोकात पुढे पाऊल पडलं की चूक धरली जाते. नळी टाकून स्वतःची पावलं मोजा. माझी तेरा भरतात. स्पर्धेत नळी नसते, पावलं असतात.

या चार आठवड्यांत मी आठवड्याला दोनच पूर्ण फेऱ्या खेळतो. बाकी दिवस एकेक थ्रो घेऊन बसतो. अर्धा तास फक्त फोरहँड. दुसऱ्या दिवशी फक्त चाळीस ते साठ मीटरचे अप्रोच (डिस्क बास्केटजवळ नेणारे थ्रो), कारण स्कोअर तिथेच सांडतो आणि तिथलाच सराव कोणी करत नाही. लांब ड्राइव्ह मारायला सगळ्यांना आवडतं, बघायलाही चार पोरं जमतात. पन्नास मीटरवरून डिस्क बास्केटच्या पाच मीटरच्या आत बसवली तर टाळ्या वाजत नाहीत, पण पुढचा पुट सोपा होतो.

पुट गच्चीवर

पुटला शेत लागत नाही. गच्चीवर बास्केट, मागे ताडपत्री बांधलेली, रोज वीस मिनिटं. पाच पुटर (पुटसाठीच्या डिस्क) घ्या. चार मीटरवरून पाचही टाका. चार किंवा जास्त आत गेले तर एक पाऊल मागे, तीन गेले तर तिथेच, त्याहून कमी गेले तर एक पाऊल पुढे. वीस मिनिटांनी जिथे उभे आहात ती जागा खडूने लिहून ठेवा, तारखेसकट. महिन्याभरात त्या खुणा मागे सरकतात की नाही ते दिसतं, आणि स्वतःला फसवता येत नाही.

उन्हाळ्यात एक अडचण येते. आमच्या गच्चीवर मार्चपासून ज्वारीचे बिबडे वाळायला पडतात. एकदा साखळीला लागून उडालेला पुटर नेमका ओल्या बिबड्यांच्या रांगेत घसरत गेला. आई खालूनच ओरडली, "तुझी थाळी आता तुझ्याच ताटात वाढते!" तेव्हापासून पुट संध्याकाळी, बिबडे उचलल्यावर. त्याचा फायदाच झाला. अंधुक उजेडात आणि थकल्यावर पुट कसा जातो ते कळलं, आणि स्पर्धेची शेवटची होलं साधारण तशाच अवस्थेत खेळायची असतात.

पिशवीत काय

नव्या खेळाडूच्या पिशवीत पंधरा डिस्क असतात आणि विश्वास तिघींवर. सात-आठ पुरतात: दोन एकसारखे पुटर, दोन मिडरेंज (मध्यम अंतराच्या), एक सरळ जाणारा फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकीची डिस्क), एक वाऱ्याला न वळणारा ओव्हरस्टेबल, एक हलका, सहज पलटणारा अंडरस्टेबल. नियमाने डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंत चालतं. म्हणजे नेहमीच्या २१ सेंटीमीटरच्या डिस्कला साधारण १७४ ग्रॅम. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नवी डिस्क विकत घेऊ नका. मोह होतो, माहीत आहे. तिची उडण्याची तऱ्हा ओळखीची व्हायला महिना लागतो. प्रत्येक डिस्कवर पक्क्या मार्करने स्वतःची खूण करा, ती नियमानेच लागते, आणि फोन नंबर लिहिला तर हरवलेली डिस्क परत येते. आमच्या भागात गुराखी पोरं हमखास आणून देतात.

स्पर्धेच्या कोर्सवर पहिली फेरी: उलटी चाला

जमलं तर तीन दिवस आधी पोचा. दोन दिवस मिळाले तरी चालेल, तेव्हा खालच्या तीन फेऱ्या दोनांत बसवा. पहिल्या फेरीत स्कोअर लिहायचाच नाही.

मी प्रत्येक होल आधी उलटं चालतो, बास्केटकडून टीकडे. टीवरून बघितलं की नजर बास्केटकडे धावते आणि मधलं काहीच दिसत नाही. बास्केटपाशी उभं राहून मागे बघितलं की कळतं, कुठून पुट सोपा आहे. एका बाजूला उतार असेल तर चुकलेला पुट कडेवर उभा राहून गडगडत जातो, तर दुसऱ्या बाजूने चुकला तरी जागेवर थांबतो. म्हणजे सोप्या बाजूला उतरायचं. मग विचार करायचा, तिथे पोचायला कुठून फेकावं लागेल. असं करत करत टीवर आलात की पहिल्या थ्रोचं ठिकाण आपोआप ठरलेलं असतं.

जमीन पायाने तपासा. काळी माती वाळून भेगाळली असेल तर डिस्क कधी भेगेत अडकून उभी राहते, कधी ढेकळावर आपटून भलतीकडे उडते. मुरमाच्या रस्त्यावर ती दहा-पंधरा मीटर सहज घसरते, ओलित गवतावर पडेल तिथेच बसते. हे नकाशात दिसत नाही. फोनवरच्या यूडिस्कसारख्या अॅपमध्ये थ्रोचं अंतर मोजता येतं, तेही जरूर मोजा, पण घसरण डोळ्यांनीच बघावी लागते.

मग टीवर या आणि तीन वेगवेगळ्या डिस्क फेका. पहिली मनातली आवडती, दुसरी सुरक्षित, तिसरी मुद्दाम चुकवून, जिकडे तुमची चूक सहसा जाते तिकडे. उजव्या हाताच्या बॅकहँडची डिस्क शेवटी डावीकडे ढळते, म्हणून माझी चूक बहुतेक डावीकडे जाते. त्या तिसऱ्या डिस्कपाशी जाऊन तिथून अप्रोच खेळा. स्पर्धेत तुम्ही त्या झुडपात कधी ना कधी उभे राहणारच आहात. पहिल्यांदा तिथे त्या दिवशी उभं राहू नका.

आता वही. शाळेची चाळीस पानी पुरते, होलला एक पान. माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं (हायझर म्हणजे डिस्कची बाहेरची, हातापासून दूरची कड खाली कलवून फेकलेला थ्रो):

"होल ७. ९० मीटर. डावीकडे विहीर, तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे ओबी. उजवीकडे निंबाची रांग. सकाळी: मिडरेंज, थोडा हायझर, दुसऱ्या निंबाच्या शेंड्यावर नजर. ११ नंतर: ओव्हरस्टेबल, कमरेच्या उंचीवर, बास्केटच्या उजवीकडे सोडायची. बास्केटमागे मुरूम, जोरात पुट नको. कुंपणाकडे गेलीच तर हट्ट नको, बाहेर काढून दोन थ्रोमध्ये खेळ."

शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. संकटात काय करायचं हे गार डोक्याने आधी लिहिलेलं असलं की त्या क्षणी शौर्य सुचत नाही. विहिरीवरून आठवलं: कठडा नसलेली विहीर रेषेत असेल तर तिकडून सरावालाही फेकू नका आणि डिस्क काढायला उतरू तर मुळीच नका. बऱ्याच डिस्क पाण्यात बुडतात. गेली ती गेली.

दुसरी फेरी: तुमच्या वेळेला

टी टाइम (तुमची फेरी सुरू व्हायची वेळ) जाहीर झाला असेल तर दुसरी फेरी नेमकी त्याच वेळी खेळा. झाला नसेल तर सकाळ सोडून दुपार धरा, कारण अवघड तीच असते. खान्देशात फेब्रुवारीची सकाळ एवढी निवांत असते की डिस्क हातातून सुटली की थेट जाते. अकरा वाजले, जमीन तापली की पश्चिमेकडून वारा लागतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

वारा समोरून असेल तर हवेच्या हिशेबाने डिस्क जास्त वेगात असते. म्हणून ती नेहमीपेक्षा अंडरस्टेबल वागते, म्हणजे उजव्या बॅकहँडची उजवीकडे पलटते. तेव्हा ओव्हरस्टेबल डिस्क घ्यायची, नाक (पुढची कड) खाली ठेवायचं, कमी उंचीवरून जाईल अशी फेकायची, आणि जास्त जोर लावायचा नाही. वारा पाठीमागून असेल तर उलटं होतं. डिस्क तरंगत नाही, लवकर ढळून बसते. तेव्हा हलकी, कमी स्टेबल डिस्क थोडी उंच सोडायची. आडव्या वाऱ्यात डिस्कचं पोट कुठे आहे ते बघा. उजव्या हाताच्या हायझरमध्ये पोट उजवीकडे उघडं असतं. उजवीकडून वारा आला तर तो पोटाखाली शिरून डिस्क उचलतो आणि डावीकडे लांब घेऊन जातो. डावीकडून आला तर पाठीवर दाबून खाली बसवतो. ओबी डावीकडे असेल आणि वारा उजवीकडून, तर तो हायझर विसरायचा. पुटलाही हेच लागू: समोरच्या वाऱ्यात पुटर वर उचलला जातो, नेम खाली धरा. पाठीमागच्या वाऱ्यात तो बसतो, नेम वर धरा.

वारा कुठून आहे ते टीवर चिमूटभर माती सोडून कळतं, पण ते टीवरचं. टी निंबाच्या आडोशाला असेल आणि होल उघड्यावर, तर शेंडे बघा. जवळ केळीचा बाग असेल तर आणखी सोपं: पानं कुठल्या दिशेला फडफडतात ते दोनशे मीटरवरून दिसतं.

ऊन डिस्कवरही काम करतं. तापलेलं प्लास्टिक मऊ होतं, पकड बदलते, सुटतानाचा अंदाज चुकतो. बंद गाडीत डिकीत ठेवलेली डिस्क वाकडी होऊ शकते. पिशवी सावलीत ठेवा, डिस्क सपाट ठेवा. घामासाठी बागायती रुमाल खांद्यावर, दुसरा कोरडा पिशवीत. बोटं ओलसरच राहिली तर चिमूटभर बारीक कोरडी माती चोळायची, आमच्याकडे तिची ददात नाही. पाणी तीन-चार लिटर, मध्ये मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, आणि तहान लागायच्या आधी घोट घोट. चार जणांच्या गटाला अठरा होलना अडीच-तीन तास सहज लागतात. डोकं दुखायला लागलं, अंगावर काटा आला, घाम थांबला की सावलीत बसा आणि मदत बोलवा. त्या सरावफेरीचं पुढे काय व्हायचं ते होवो.

उंचीवरच्या कोर्सबद्दल एक बारीक गोष्ट. तोरणमाळसारख्या, हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी हवा विरळ असते, डिस्क थोडी आधी ढळते. आमच्यासारख्या तापीखोऱ्यातल्या माणसाला पहिल्या दोन-तीन होलना वाटतं की हातच बिघडला. तिथे कमी स्टेबल डिस्क काढा.

तिसरी फेरी: खऱ्यासारखी, नियमासकट

ही एकच फेरी स्कोअर लिहून खेळायची. टीवरून एकच डिस्क, दुसरी संधी नाही. चार जण मिळाले तर उत्तम, कारण थांबण्याची सवय लागते. एकट्याने खेळताना लय लागते, आणि स्पर्धेत तीन जणांची वाट बघताना ती तुटते.

नियम याच फेरीत अंगवळणी पाडा. पाळी आली आणि जागेवर पोचलात की ३० सेकंदांत फेकायचं असतं. मित्राला मोबाइलवर मोजायला सांगा, आपण किती रेंगाळतो ते कळून लाज वाटते. पडलेल्या डिस्कपुढे मिनी मार्कर (खुणेची छोटी चकती) ठेवला तर पाय मार्करच्या मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर लांब एवढ्याच जागेत टेकायला हवा. मोकळ्यावर हे सोपं. वेड्या बाभळीच्या झुडपात, एका पायावर, काटे चुकवत करून बघा. हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटं. ओबीला एक थ्रोचा दंड, आणि डिस्क रेषेला टेकून थोडीशी जरी आत असली तरी ती आतच धरतात, म्हणून घाईने उचलू नका, गटाला दाखवा. फेरी सुरू असताना सरावाचा थ्रो फेकला तर दंड बसतो. घरच्या कोर्सवर चुकल्यावर चिडून दुसरी डिस्क फेकायची सवय लागलेली असते, ती इथे महागात पडते. साप किंवा मधमाश्या दिसल्या तर जागा मागे सरकवून खेळायची मुभा आहे, दंड नाही. कपाशी-उसाच्या मुलखातल्या माणसाला हा नियम पाठ हवा.

ही फेरी पहिल्या होलपासून सुरू करू नका. बऱ्याच स्पर्धांत सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटतात. तुमची सुरुवात अकराव्यापासून झाली तर थंड हाताने पहिला थ्रो कदाचित सगळ्यात अवघड टीवर येईल. म्हणून मी अंदाजाने मधलंच एखादं होल निवडतो.

फेरी संपली की त्याच दिवशी वहीत खाडाखोड. स्कोअर किती झाला यापेक्षा ठरवलेली डिस्क किती वेळा प्रत्यक्ष फेकली ते मोजा. अठरापैकी पाच ठिकाणी टीवर मत बदललं असेल, तर ती पाच पानं पुन्हा लिहायची. एकतर ठरवलेलं चूक होतं, नाहीतर विश्वास नव्हता. दुसऱ्या कारणासाठी सोपी डिस्क लिहा, भले एक थ्रो जास्त लागो.

आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवशी पूर्ण फेरी नाही. खांद्याला आराम, वीस मिनिटं पुट, वही एकदा वाचायची. रात्री शेवभाजीचा बेत ठरला तर तर्री कमी घ्या. हा सल्ला मी अनुभवाने देतो, तपशील विचारू नका.

सकाळी तासभर आधी पोचा. उशीर झाला तर चुकलेल्या प्रत्येक होलला पार अधिक चार असा स्कोअर लिहितात, आणि तो भरून निघत नाही. स्कोअरकार्ड बेरीज करून दोनदा तपासायचं, चुकीच्या बेरजेला दोन थ्रोचा दंड असतो, हेही आताच मनात पक्कं करा.

खांदे, कंबर, घोटे मोकळे करा. आधी चालत, मग छोटे थ्रो, मग चार-पाच ड्राइव्ह, तेही पूर्ण जोर न लावता. शेवटी दहा पुट. त्यातले शेवटचे दोन तीन मीटरवरून, म्हणजे साखळीचा आवाज कानात घेऊन टीकडे जाता येतं. सुरुवातीचं होल कुठलं ते फलकावर बघा, वही त्या पानावर उघडा, पहिली डिस्क हातात घ्या, आणि बाकीची पिशवी बंद करा.